निळी ओसरी

नकाशावर आमची ओसरी निळी निघाली, तेव्हा मला आधी हसूच आलं.

मीटिंगमध्ये पडद्यावर तिन्ही कॉलेजांच्या आवारांचा नकाशा लावला होता. मुलं जिथे भरपूर वेळ जमतात ती जागा लाल, थोडी जमतात ती पिवळी आणि जिथे कोणी फिरकत नाही ती निळी. कँटीनचा कोपरा लालभडक होता. सायकल स्टँडसुद्धा पिवळा होता. आणि गणित विभागाची ओसरी, जिथे गेली अठरा वर्षं रोज दुपारी चार ते सहा वीस-पंचवीस मुलं मांडीला मांडी लावून बसतात, ती निळी. मला वाटलं, आखणी करणाऱ्या त्या इंदूरच्या डिझायनरने नकाशा उलटा लावलाय.

"ये एरिया तो बिलकुल डेड है," तो म्हणाला आणि पुढच्या चित्रावर गेला. पुढच्या चित्रात ओसरीला भिंत घालून आत ऑनलाइन परीक्षांची खोली केलेली होती.

माझं हसू तिथेच थांबलं.

मी शामला मुजुमदार. एकोणतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते. आकड्यांवर माझा विश्वास आहे, होता म्हणा हवं तर. आणि ही मोजणी व्हावी म्हणून सगळ्यात जास्त भांडलेली बाई मीच होते.

त्या वर्षी सरकारने ग्वाल्हेरातली तीन कॉलेजं एकत्र करून एक विद्यापीठ करायचं ठरवलं होतं. विलीनीकरण, पुनर्रचना, समायोजन असे शब्द रोज कानावर आदळत. कोणाचा विभाग कुठे जाणार, कोणाची खुर्ची उरणार, या काळजीने भलेभले वाळत चालले होते. त्यातच नव्या आवारात एक 'सामाजिक अधिगम केंद्र' व्हायचं होतं. अधिगम म्हणजे शिकणं. साधं शिकणं म्हटलं की फाईल पुढे सरकत नाही. मुलं हल्ली एकेकटी मोबाईलमध्ये बघून शिकतात, तर त्यांनी एकत्र बसून, एकमेकांना विचारत शिकावं अशी जागा घडवायची, असा तो विचार. विचार चांगला होता. मी म्हणाले, अशी जागा आमच्याकडे आहेच, फक्त तिला हात लावू नका.

पण तसं प्रत्येक कॉलेज म्हणत होतं. प्रत्येकाने आपापल्या जागेचं रजिस्टर पुढे केलं. एका विभागाने तर चार मुलं मावतील अशा खोलीत रोज चाळीस मुलं बसवली होती, कागदावर. मी भडकले. तिथल्या तिथे कमिटीला लेखी नोट दिली: हाताने भरलेली कुठलीही नोंद धरू नये, सगळीकडे एकाच यंत्राने आणि एकाच पद्धतीने मोजावं, कोणालाही सूट नाही. विलीनीकरणाचे अधिकारी विश्वासराव महाडिक फार खूष झाले. "शामलाताई, तुम्ही तर माझा सिरदर्दच संपवून टाकला," ते म्हणाले. मग कुठल्या जागी किती फोन किती वेळ वाय-फायला जोडलेले असतात, त्यावरून मोजायचं ठरलं. त्या नोटेवर माझी सही आहे. आजही फाईलला लागलेली आहे.

आणि ओसरीवर फोन बंद असतात. तो नियमही माझाच.

ओसरी म्हणजे खरं तर भालचंद्र मोघे सर. ते गणितातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता नेहमीसारखे हजर झाले. त्यांचा वर्ग दुसऱ्याला दिलेला होता, म्हणून ओसरीवर बसले. त्याला अठरा वर्षं झाली. लाल कोब्याची गार जमीन, चार दगडी खांब, थंडीत तिरपं ऊन. फळा नाही, बाकं नाहीत. सर खडूने जमिनीवर गणिताची पहिली ओळ लिहायचे आणि खडू शेजारच्याकडे द्यायचे. त्याने पुढची एकच ओळ लिहायची आणि खडू पुढे द्यायचा. अडलं तर अडलं. सर सांगत नसत. दुसऱ्या कोणाला येत असेल तर त्याने आधी अडलेल्याला विचारायचं, "बताऊँ?" तो नको म्हणाला की सगळ्यांनी थांबायचं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. एक ओळ शनिवारी अडली होती ती सोमवारी सुटली. झाडणाऱ्या बाईंनासुद्धा ठाऊक होतं की सुटलेलं पुसायचं आणि अडलेलं ठेवायचं.

बाहेरच्या माणसाला हे बघून वाटायचं, मुलं नुसती जमिनीकडे बघत बसलीयत. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मग एकदा मीच बसले, खडू माझ्याकडे आला, मला येईना, आणि बावीस मुलं माझ्यासाठी थांबली. एकही हसलं नाही. आयुष्यात माझ्यासाठी इतकी माणसं इतक्या शांतपणे कधी थांबली नव्हती.

पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले. ओळ लिहिता लिहिता कुठेतरी काहीतरी गुरगुरायचं, माना वळायच्या. सर बोलत नसत, पण मला बघवेना. मी घरून आईची फुलांची परडी आणली आणि ओसरीच्या पायरीवर ठेवली. फोन बंद करायचा, परडीत टाकायचा, मग वर यायचं. आठवडाभर कुरकुर झाली. नंतर मुलं देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे फोन काढू लागली. मला त्या परडीचा केवढा अभिमान! कॉलेजात पाहुणे आले की मी आधी परडी दाखवायची.

म्हणजे यंत्राच्या दृष्टीने दुपारी चार ते सहा ओसरीवर चिटपाखरू नव्हतं. मोजणीतून कोण सुटतं आणि का सुटतं, हे मी दर वर्षी पहिल्या महिन्यात मुलांना शिकवते. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतो. माझ्या मात्र लक्षात आलं नाही. दुसऱ्यांची लबाडी पकडण्यात मी इतकी दंग होते.

परडीत काही न टाकता वर जाणारी एकच मुलगी होती, राजलक्ष्मी इंगळे. नाव राणीचं आणि राहायला हजीऱ्यात दोन खोल्या. पणजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते, वडील एका एटीएमच्या दाराशी स्टुलावर बसतात. घरात मोठा फोन एकच, तो वडिलांबरोबर ड्यूटीवर जायचा. हिच्याकडे बटणांचा, तोही आईचा, घरीच असायचा. पहिल्या वर्षी ती गणितात नापास झाली तेव्हा मी तिला ओसरीवर पाठवलं. सहा महिने तिने आपली पाळी आली की खडू मुकाट्याने पुढे दिला. मग एक दिवस द्यायचा विसरली. एकामागून एक तीन ओळी लिहून गेली, आणि भानावर आली तशी जीभ चावली. सर म्हणाले, "नियम मोडलास. आता शिक्षा म्हणून शेवटपर्यंत लिही." तिने शेवटपर्यंत लिहिलं. त्या दिवशी ती पायऱ्या उतरली ती उड्या मारतच.

आता ती तिसऱ्या वर्षाला होती आणि एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. त्यांच्या घराण्यात बारावीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. तिला कोचिंग नाही, ऑनलाइन क्लास नाही, घरात कोणी विचारायला नाही. तिच्याजवळ होती ती ओसरी, आणि ओसरीच्या तिसऱ्या खांबाजवळची जागा, जिथे उन्हात पाठ टेकता येते. ओसरी गेली तर ही पोर कुठे बसेल, हा एकच प्रश्न त्या मीटिंगमध्ये माझ्या डोक्यात होता. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे मी जे केलं ते तिच्यासाठीच केलं.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. परडी, बंद फोन, वीस-पंचवीस मुलं. डिझायनर मन लावून ऐकत होता. मुलगा वाईट नव्हता, उलट त्या खोलीत ऐकून घेणारा तोच एक होता.

"मॅम, मैं मानता हूँ आपकी बात. पर डेटा में नहीं है तो मैं लाऊँ कहाँ से?"

"डोकी मोजा की. चला माझ्याबरोबर, आत्ता चार वाजतील."

विश्वासरावांनी चष्मा काढून पुसला. "ताई, हाताची मोजणी आपण घेत नाही. तुमचीच नोट आहे. तुमच्यासाठी सोडून दिली तर बाकी दोन कॉलेजवाले उद्या माझ्या डोक्यावर बसून जातील."

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि वर दोन शब्द सुनावले असते.

शेवटी त्यांनीच तोड काढली. ओसरीची फेरमोजणी करायची, पाच जानेवारीपासून तीस दिवस, त्याच यंत्राने आणि त्याच पद्धतीने. लाल आली तर ओसरीला हात लावायचा नाही. मला तर हे लढाई जिंकल्यासारखंच वाटलं. थाटीपुरला क्वार्टरवर जाताना वाटेत थांबून मी तिळागुळाचा गजक घेतला, आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर वाटला.

पाच जानेवारीला मी परडी उचलून माझ्या कपाटात ठेवली. मुलांना म्हटलं, महिनाभर फोन चालू ठेवायचे. नुसते चालू नाही, हातात धरायचे. फोन पडून राहिला तर थोड्या वेळाने तो मोजणीतून गळतो, असं डिझायनरने बजावलं होतं. मुलं टाळ्या पिटायला लागली. "मॅडम खुद बोल रही हैं!"

सरांना मी आधीच समजावून सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे माझं तिसरं विलीनीकरण, शामला," ते म्हणाले. "पहिलं झालं तेव्हा मी तीन वर्षांचा. संस्थान गेलं, मला कळलंही नाही. दुसऱ्यात राजधानी भोपाळला गेली. फायली गेल्या, टेबलं गेली, त्यांच्यामागे वडील गेले. या खेपेला नुसता फोनच हातात धरायचाय ना? धरू या." आणि त्यांनी आपला फोन खिशातून काढून मांडीवर ठेवला, उलटा.

पहिले तीन दिवस मजेत गेले. एका हातात खडू, एका हातात फोन. मुलं एकमेकांचे फोटो काढत होती. चौथ्या दिवशी एक ओळ अडली. अडलेला मुलगा विचार करत होता आणि बाकीचे थांबले होते. म्हणजे थांबायला हवे होते. पण हातात फोन असताना नुसतं कोण थांबतं? माना खाली गेल्या, अंगठे चालू लागले. त्या मुलाने मान वर करून बघितलं तर त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. त्यानेही फोन उघडला. सर तेवढे जमिनीवरच्या ओळीकडे बघत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात एकाने पहिल्या ओळीचा फोटो काढला, आणि सर वाकलेले सरळ व्हायच्या आत म्हणाला, "सर, हो गया. ऐप ने कर दिया." उत्तर बरोबर होतं. सगळ्या पायऱ्याही होत्या, एकाखाली एक, सुबक. सरांनी चष्मा वर करून ते नीट वाचलं.

"आलं का उत्तर? छान," ते म्हणाले. खडू त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला आणि सहा वाजेपर्यंत तसेच बसून राहिले.

हे मी बघत होते. मी आंधळी नव्हते. पण मला वाटत होतं, महिन्याचाच तर प्रश्न आहे. चार फेब्रुवारीला परडी परत पायरीवर ठेवली की सगळं पहिल्यासारखं होईल. माणसं काय, सवयी काय, सगळं माझ्यासाठी कपाटात थांबून राहील अशीच माझी समजूत होती. आणि दुसरं म्हणजे माझं लक्ष आकड्याकडे होतं. डिझायनर रोज संध्याकाळी दिवसाचा आकडा आणि कुठला फोन किती मिनिटं जोडलेला होता त्याची यादी पाठवायचा. बावीस मुलं बसली तरी यंत्र अकरा-बारा दाखवत होतं. एवढ्याने पिवळीही आली नसती.

मी त्याला फोन लावला. त्याने तपासून सांगितलं की यंत्र तिसऱ्या खांबावर आहे, पहिल्या खांबाकडे बसलेले फोन सुटतात. "सबको तीसरे पिलर के पास बिठाइए, मॅम. फिर देखिए."

तिसऱ्या खांबाला टेकून राजलक्ष्मी बसली होती. वही मांडीवर, पेन कानाला, कोणी नाही तरी ती अजून मनाशी पुढची ओळ जुळवत होती.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. आवाजही चढवला नव्हता. चांगलं गोड बोलले.

"राजलक्ष्मी, तू जरा तिकडे पहिल्या खांबाजवळ बसशील का? या दोघांना इथे येऊ दे. तुझा फोन नाही ना, तू तशीही मोजली जात नाहीस."

"हां मॅडम, मी तिकडे बसून जाते," ती म्हणाली आणि लगेच उठली. उठताना तिने आपल्या ओढणीने तिथली जमीन झटकली, येणाऱ्या त्या दोघांसाठी. मग वही छातीशी धरून पहिल्या खांबाकडे गेली. तिथे ऊन येत नाही. बाकीचे सगळे इकडे सरकलेले, त्यामुळे तिथे दुसरं कोणी नव्हतं. खडू फिरला असता तरी तिथपर्यंत पोचला नसता.

त्या संध्याकाळी आकडा एकोणिसावर गेला. मी विश्वासरावांना लगेच कळवलं.

विसाव्या दिवसानंतर सर आले नाहीत. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मी दर्पण कॉलनीत त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने, इंदुताईंनी दार उघडलं आणि त्या चहा टाकायला गेल्या.

"गुडघे ग," सर म्हणाले. "जमिनीवर बसणं होत नाही आता."

ते गॅलरीत जमिनीवरच बसले होते, मांडी घालून, पुढ्यात पेपर पसरून. मी ते बघितलं. मी बघितल्याचं त्यांनी बघितलं.

"आकडे काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"लाल येणार, सर. ओसरी वाचली म्हणून समजा."

"वा." त्यांनी पेपरची घडी केली, परत उलगडली. "राजलक्ष्मी येते ना?"

"येते," मी म्हणाले.

खाली रस्त्यावर आले आणि पाय थबकले. तिला आपण शेवटचं कधी पाहिलं? सोमवारी? त्याच्या आधी? बाकी प्रत्येक मुलाची मिनिटामिनिटाची नोंद माझ्या फोनमध्ये होती. तिची कुठेच नव्हती.

तीन फेब्रुवारीला मोजणी संपली. ओसरी लालभडक आली, कँटीनच्याही वर. मीटिंगमध्ये टाळ्या झाल्या. "शामलाताई, आपली ओसरी तर अव्वल निघाली!" विश्वासराव म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. भिंत रद्द झाली. डिझायनर तर इतका खूष की सामाजिक अधिगम केंद्र आता ओसरीवरच करायचं, असं त्याने तिथेच सुचवलं. नवा आराखडा पंधरा दिवसांत आला. उंच गोल स्टुलं, प्रत्येक स्टुलाला चार्जिंगची सोय, चौथ्या खांबावर आणखी एक यंत्र. आणि कोब्यावर चकचकीत टाइल्स, कारण "चॉक की धूल बहुत होती है, मॅम, डिवाइस ख़राब होते हैं." त्या टाइलवर खडू उमटत नाही. मी नमुन्याच्या तुकड्यावर खडू ओढून बघितला होता. तरी सही केली. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? ओसरी राहावी एवढंच मी मागितलं होतं, आणि ओसरी राहिली होती.

चार फेब्रुवारीला मी परडी परत पायरीवर ठेवली. सात मुलं आली. त्यांतल्या एकाने अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, सर तो आते नहीं. फिर फोन बंद करके करेंगे क्या?" दुसऱ्या दिवशी तीन आली. तिसऱ्या दिवशी परडीत वाळलेलं एक पान पडलं होतं, तेवढंच.

त्या दिवशी मी ओसरीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. पहिल्या खांबाच्या सावलीत, भिंतीकडेला, जमिनीवर गणित होतं. राजलक्ष्मीचं अक्षर मी ओळखते, तिचा पाच आकडा पोटात फार गोल असतो. एकाच अक्षरातल्या सहा ओळी. सातवी सुरू करून सोडलेली. शेजारी खडूचा नखाएवढा तुकडा. तिने तिथे एकटीने पाळ्या घेतल्या होत्या, आणि अडल्यावर थांबली होती, आणि तिच्यासाठी थांबणारं कोणी नव्हतं. झाडणाऱ्या बाईंनी ते पुसलं नव्हतं. अडलेलं होतं ना.

मी तिथे उभ्या उभ्या रडले. या वयात, कॉलेजात, दिवसाढवळ्या.

दुसऱ्या दिवशी हजीऱ्याला गेले. घरात तिची आई शांताताई एकट्याच होत्या. मला बघून त्या गडबडल्या, पदर सावरला, पाणी दिलं. "ती तर कामावर गेली, मॅडम. चौराहाच्या वरती ऑफिस आहे ना, तिथे लागून गेली. तुम्हाला सांगून नाही आली?" त्यांच्या आवाजात काळजी होती, मुलीने बाईंचा मान ठेवला नाही याची. मी म्हटलं, सांगून आली होती, मीच विसरले.

चौकातल्या मिठाईच्या दुकानावर जिना होता, जिन्याच्या वर काचेचं दार. ऑनलाइन क्लास विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं ऑफिस. आत पंधरा-वीस मुलीमुलगे कानाला यंत्र लावून बोलत होते. राजलक्ष्मी मला बघून धावतच बाहेर आली, आणि जिन्यात वाकून तिने नमस्कार केला.

"अठ्ठावीस तारीख आहे फॉर्मची," मी म्हणाले. "मी भरते तुझा. तू फक्त सही कर."

"नको मॅडम. तयारीच नाही केली ना मी. पेपर देऊन काय करणार." ती हे असं बोलली की जणू मलाच समजावते आहे.

"मग तयारी करू. ओसरी राहिली, ठाऊक आहे? भिंत नाही घालणार."

"हो, ऐकलं! सब लोग बता रहे थे. लाल आली ना एकदम?" तिचा चेहरा खुलला. तिला खरोखरच आनंद झाला होता. "सरांना किती छान वाटलं असेल."

ज्या मुलीसाठी मी ओसरी वाचवायला निघाले, तिलाच मी माझ्या हाताने ओसरीवरून उठवलं होतं, आणि ती माझं अभिनंदन करत होती.

"ये ना परत," मी म्हणाले. "तिसऱ्या खांबाजवळ बस. कोणी उठवणार नाही. मी सांगते."

तिने कुर्त्याच्या खिशातून एक फोन काढला. मोठा, नवा, वरचं पातळ प्लास्टिकसुद्धा तिने अजून काढलेलं नव्हतं.

"हा बघा, मॅडम. कंपनीने दिला, कामासाठी. आता मी पण मोजण्यात आली असती." ती हसली. तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. "पण चार वाजता सुट्टी नाही मिळत. आठपर्यंत बसावं लागतं."

आतून कोणीतरी तिच्या नावाने ओरडलं. "येते, मॅडम," ती म्हणाली, गडबडीत पुन्हा वाकली आणि आत पळाली. काचेचं दार हळूहळू लागत होतं. पूर्ण लागायच्या आधी तिचा आवाज आला, पाठ केलेला, गोड:

"नमस्ते सर, क्या आपके बच्चे को मैथ्स में दिक़्क़त आती है?"

दार लागलं. मी जिन्याच्या पायरीवर बसले. खालून तळणीचा वास येत होता, आणि मला उठवेना.